मुंग्या न लागलेला थेंब

१

मंगळवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचं मांजर लाल झालं आणि दुपारच्या आत मेलं.

मांजराचं नाव तोम्पोक. अंगाने बोका, स्वभावाने जकात नाक्यावरचा अधिकारी. जिना चढणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीचा वास घेतल्याशिवाय तो कुणाला वर सोडत नसे. एकदा त्याने वीज मंडळाच्या माणसाला पाऊण तास अडवून धरलं होतं, हे मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत अख्ख्या इपोह शहराला माहीत आहे.

रात्री तो दाराबाहेरच्या पायपुसण्यावर झोपायचा. पहाटे कुणीतरी त्या दारावर तेलाचा लाल रंग फेकला. अर्धा दारावर गेला, अर्धा मांजरावर. आता मांजराची जात अशी, की अंगाला काही लागलं की चाटून काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तोम्पोकने स्वतःला चाटून चाटून मारलं. त्याची मालकीण त्याला मांडीवर घेऊन खोबरेलाने पुसत होती, आणि ती पुसायची त्यापेक्षा तो जास्त वेगाने चाटत होता.

मालकीण म्हणजे चेगू रम्लाह. चेगू म्हणजे शाळेतल्या बाई. बाईंनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली वीस वर्षं शिस्तीची छडीही सांभाळली. आमच्या पोलीस चौकीचा हवालदार आजही त्यांना बघून हात मागे लपवतो. त्याने त्या दिवशी जिन्यातल्या भिंतीचा फोटो काढला. भिंतीवर लाल अक्षरात लिहिलं होतं, चोंग क्वाय लाम, पैसे दे, आणि खाली फोन नंबर. हवालदाराने वहीत ‘आ-लाँगची माणसं’ असं लिहिलं, म्हणजे बिनपरवाना सावकाराचे वसुलीवाले, आणि तो हात मागे ठेवूनच निघून गेला.

चोंग हा त्या घरातला जुना भाडेकरू. घोड्यांवर पैसे लावायचा, घोडे त्याच्याकडे बघून हळू पळायचे. दीड वर्षापूर्वी तो परागंदा झाला. त्याच्यानंतर त्या घरात एक नर्स आणि तिचा नवरा आले, मग एक शिंपी आला. दोघांच्याही दारावर असाच रंग पडला, दोघेही दोन-तीन महिन्यांत पळाले. आठ आठवड्यांपूर्वी चेगू आल्या. भावाच्या घरातून भांडून निघाल्या होत्या, हाताशी होतं ते सगळं अनामतीत घातलं होतं, आणि परत जायला दार नव्हतं.

घरमालक तिओ दहा वाजता आला. सगळे त्याला तौके म्हणतात, म्हणजे शेठ. रंगावरून उडी मारून त्याने सांगितलं, की इतर भाडेकरू घाबरलेत, दाराचं नुकसान झालंय, शुक्रवारपर्यंत घर रिकामं करा. अनामत विसरा. मांजराकडे त्याने बघितलंही नाही.

मग खाली माझ्या दुकानात दाढीला बसला. मी वेलुसामी, त्याच इमारतीच्या तळमजल्यावरचा न्हावी. इपोहमधल्या निम्म्या मिशा माझ्या वस्तऱ्याखालून गेल्यात, आणि उरलेल्या निम्म्या मी ठेवू दिल्या म्हणून आहेत. तोंडाला फेस लावला की तौके आपलं चरित्र सुरू करायचा. नऊ वर्षांचा असताना काकाच्या कॉफीच्या गाड्यावर उभा राहिला, रोज सकाळी तीनशे पिशव्या बांधल्या, आज चौदा घरांचा मालक. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की कधीकधी मला वाटायचं ती माझीच आहे, फक्त चौदा घरं कुठेतरी हरवलीत.

“बाईमाणूस एकटी राहते, अण्णे,” तो फेसातून म्हणाला. “तिच्याच भल्यासाठी सांगतोय.”

वर तिसऱ्या मजल्यावर चेगूंनी मांजर टॉवेलमध्ये गुंडाळलं. मग चिमट्याने रंगाच्या थारोळ्यातून एक वस्तू उचलली, वर्तमानपत्रावर ठेवली आणि मला हाक मारली.

“अण्णे, शुक्रवारपर्यंत माझ्याकडे तीन दिवस आहेत. दहावीच्या पोरांना मी तीन दिवसांत बीजगणित शिकवलंय. बसा.”

२

ती वस्तू म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पिशवी. आमच्याकडे चहा, कॉफी, सरबत, काहीही घरी न्यायचं झालं की अशाच पिशवीत ओततात, वर दोरीने बांधतात आणि बोटाला अडकवून नेतात. या पिशवीच्या गळ्याला गुलाबी प्लॅस्टिकची दोरी होती. पिशवी कुठेही फाटली नव्हती.

चेगूंनी पहिला संशयित स्वतःच फोन करून बोलावला. जॅकी याप, आ-लाँगचा वसुलीवाला. भिंतीवरच्या नंबरावर नाही, त्याने त्यांना स्वतः दिलेल्या नंबरावर. कारण जॅकीची आणि त्यांची ओळख जुनी, म्हणजे आठ आठवड्यांची होती.

त्या राहायला आल्या त्याच आठवड्यात जॅकी दोन माणसं घेऊन दारात उभा राहिला होता. चोंगचा फोटो असलेलं पत्रक दाराच्या जाळीवर आपटून त्याने आरडाओरडा केला. चेगूंनी जाळी उघडली, तिघांना खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि पत्रक वाचून सांगितलं की व्याजाचा हिशोब चुकलाय. जॅकीने मान खाली घालून तो पुन्हा केला. मग त्यांनी भाडेकरार आणि ओळखपत्र समोर ठेवलं. जॅकीने दोन्हीचे फोटो काढले, पत्ता आपल्या यादीतून खोडला, आणि जाताना कप विसळून ठेवले. त्यानंतर तो परत आला नाही.

आता तो माझ्या दुकानात आला तो डावा हात खिशात लपवून, तेव्हा चेगूंनी आधी तोच बघायला मागितला. दोन बोटं वाकडी जुळली होती.

जॅकीने सांगितलं ते असं. मार्चमध्ये त्या नर्सच्या दारावर रंग पडला, भिंतीवर त्याचा नंबर होता. तिने फोटोसकट तक्रार केली, नंबर बंद झाला, धंद्याला पंधरा दिवस टाळं लागलं. जॅकी साहेबाला सांगत राहिला की मी फेकलाच नाही. साहेबाने त्याची बोटं गाडीच्या दारात ठेवली आणि दार लावलं.

“आणि आज पुन्हा तोच नंबर,” तो म्हणाला. “बंद नंबर मी भिंतीवर कशाला लिहीन, चेगू? पैसे द्यायला फोन करणार कोण?”

चेगूंनी पिशवी पुढे सरकवली. जॅकीने ती धंद्यातल्या नजरेने उलटसुलट केली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, हे कुणा नवशिक्याचं काम आहे. आम्ही पूर्ण गळा आवळून गाठ मारतो, कारण पिशवी दारावर फुटायला हवी. ही फुटलेलीच नाही. हिचा गळा एका बाजूला बांधलाय आणि एक कोपरा उघडा सोडलाय. धरून पिळलीय, म्हणून दारावर फटका नाही, लांब पट्टा आहे.

“कोपरा उघडा का सोडतात?” चेगूंनी वर्गात विचारतात तसं विचारलं.

उत्तर मला येत होतं. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही येतं. कोपरा उघडा सोडतात तो नळी घालायला.

कुणीतरी तो रंग प्यायला देतात तसा बांधला होता.

३

आमच्या इमारतीच्या दारात लिम आ-सोची सरबताची गाडी आहे. गुलाबाचं लालभडक सरबत, दुधाचं किंवा बिनदुधाचं. चारही मजल्यांची माणसं येता-जाता एकेक पिशवी बोटाला अडकवून वर जातात, आणि पिशव्या गळतात. त्यामुळे जिन्यावर बारा महिने लाल थेंब असतात. आम्ही त्यांच्याकडे बघत नाही. नवा माणूस आला तर एकदा दचकतो, मग तोही बघत नाही.

बुधवारी सकाळी चेगू भिंग आणि खडू घेऊन जिन्यात बसल्या. पेपर तपासायचं भिंग. मी मागे उभा. त्या थेंबाकडे बघायच्या, पुढे सरकायच्या, पुन्हा बघायच्या. अर्ध्या तासाने मी विचारलं की काय दिसतंय.

“मुंग्या,” त्या म्हणाल्या.

खरंच होतं. प्रत्येक लाल थेंबाभोवती मुंग्यांचं लग्न लागलं होतं. वऱ्हाड भिंतीतून निघून पायरीवर, पायरीवरून थेंबावर. आणि मध्येच एखादा थेंब असा, की त्याच्या बाजूने वऱ्हाड वळसा घालून जात होतं. तोही लाल, तेवढाच गोल. पण पंगत तिथे बसत नव्हती.

चेगूंनी नखाने असा एक थेंब खरवडला. सालीसारखा निघाला.

“काल पोलीस यावरून गेला, तौके गेला, तुम्हीही गेलात,” त्या म्हणाल्या. “या इमारतीत अक्कल फक्त मुंग्यांना आहे.”

मुंग्या न लागलेल्या प्रत्येक थेंबाभोवती त्यांनी खडूने गोल काढला. मग आम्ही उभं राहून बघितलं. तिसऱ्या मजल्यापासून खाली रस्त्यापर्यंत एकही गोल नव्हता. रंग घेऊन रस्त्यावरून कुणी आलंच नव्हतं. सगळे गोल वर जात होते.

चौथ्या मजल्यावर दोनच दारं आहेत. डावीकडे तौकेची अडगळीची खोली, तिला कायम कुलूप. उजवीकडे लिम आ-सोचं घर. शेवटचा गोल बरोबर दोन दारांच्या मध्ये पडला होता.

आणि उजवीकडच्या दाराला आतून कुणीतरी कान लावून उभं होतं, कारण ते उघडलं.

४

लिम आ-सो ही बासष्ट वर्षांची विधवा. तिचं आणि चेगूंचं तोम्पोकवरून वाकडं होतं. बोक्याने तिचे सुकत घातलेले मासे तीनदा पळवले होते, आणि चौथ्यांदा ती सुरी घेऊन त्याच्यामागे दोन मजले धावली होती. अख्ख्या इमारतीने ते बघितलं होतं. पिशव्या तिच्या, मजला तिचा, वैरही तिचंच. मी मनातल्या मनात तिला बेड्या घालून मोकळा झालो होतो.

चेगूंनी सरळ विचारलं, माझं मांजर मेल्याचं तुला वाईट वाटलं का.

आ-सो म्हणाली, नाही वाटलं. चोर होता. पण चोराला सुरीने मारावं, असं रंग पाजून नाही. मग चेगूंच्या हातातली पिशवी तिने बघितली, आणि ती हसायलाच लागली. दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. बोटांचे सांधे सुपारीएवढे सुजले होते.

“या हातांनी गाठ मारता आली असती ना, तर आधी तुझ्या तोंडाला मारली असती,” ती म्हणाली.

चार वर्षांपासून ती पिशव्यांना रबर लावते. मी रोज तिच्याकडचं सरबत पितो. चार वर्षं रबर काढून काढून पितोय, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कोऱ्या पिशव्यांचा गठ्ठा गाडीवर उघडाच असतो, कुणीही चार ओढाव्यात.

चेगूंनी पिशवीची गाठ तिच्या डोळ्यांजवळ धरली. आ-सोने मान तिरकी करून बघितलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. दोरीचा फास एका हाताने फिरवून, टोक दाताखाली न धरता ओढलेलं. ओढलं की सुटणारं, हलवलं तर न सुटणारं. अशी गाठ हल्लीची पोरं मारत नाहीत. ती म्हणाली, हा हात जुना आहे. लहानपणी ज्याने हजारो बांधल्या, त्याचा हात. तो विसरत नाही. त्याला हवं असलं तरी विसरता येत नाही.

चेगूंनी पिशवी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली. जिना उतरताना त्यांनी मला विचारलं, की दाढी करताना लोक तुमच्याशी काय काय बोलतात.

५

गुरुवारी दुपारी चेगूंनी माझ्या दुकानात निरोपाचं सरबत ठेवलं. घर सोडते आहे म्हणाल्या. आरशासमोर मोठं पातेलं, त्यात लाल सरबत, बाजूला पिशव्या आणि गुलाबी दोरीचं रीळ. जॅकीला बोलावलं, आ-सो आली, आणि तौके तर किल्ली घ्यायला येणारच होता. तो फार खुशीत होता. शेवटी समजूतदारपणा केलात, असं दोनदा म्हणाला.

चेगूंनी सगळ्यांना घरी न्यायला सरबत बांधून देते म्हटलं, आणि इतकं गबाळं बांधलं की पहिली पिशवी माझ्या खुर्चीवरच रिकामी झाली. दुसरी जॅकीने घेतली. त्याने गळा आवळून निरगाठ मारली, ती आता कात्रीशिवाय सुटणार नव्हती. आ-सोने दोरी बाजूला सारली आणि खिशातून रबर काढलं. मी बांधली ती तर पिशवी होती की पागोटं, मलाच कळेना. चेगू तिसरी, चौथी सांडत राहिल्या. तौकेच्या पँटवर शिंतोडे उडाले.

त्याला ते बघवेना. रोज तीनशे पिशव्या बांधलेल्या माणसासमोर हा अत्याचार चालला होता.

“द्या इकडे,” तो म्हणाला. “शिकलेल्या बायकांना एवढंही येत नाही.”

डाव्या हातात पिशवी, उजव्या हाताने फास. एक गिरकी, एक हिसका. कोपरा उघडा राहिला, नळी घालायला. पापणी लवायच्या आत काम झालं. त्याने पिशवी बोटाला अडकवून वर धरली, आणि हसत हसत आमच्याकडे बघितलं.

कुणीच हसत नव्हतं. चेगूंनी वर्तमानपत्रातली पिशवी बाहेर काढून तिच्या शेजारी धरली. जुळी भावंडं.

तौके आधी चिडला. गाठीवरून कुणी माणूस पकडतं का, म्हणाला. चेगूंनी त्याला फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं सांगितलं. रंग वरून आला, कारण थेंब वर जातात. वर दोन दारं. एका दारातल्या बाईच्या हातांना गाठ येत नाही. दुसऱ्या दाराची किल्ली एकाच माणसाकडे आहे. भिंतीवरचा नंबर मार्चपासून बंद, म्हणजे लिहिणाऱ्याने तो चोंगच्या वेळच्या जुन्या पत्रकावरून उतरवला. आणि मुदतीआधी भाडेकरू पळाला की अनामत घरमालकाची. नर्स पळाली, शिंपी पळाला.

“आता फक्त ती खोली उघडायची,” त्या म्हणाल्या.

तौके म्हणाला किल्ली हरवलीय. जॅकीने त्याच्या कमरेचा जुडगा वाकड्या बोटांनीच काढून घेतला आणि वर गेला. खाली आला तेव्हा त्याच्याकडे अर्धा डबा लाल रंग होता, गुलाबी दोरी होती, आणि चोंगच्या फोटोची तीन जुनी पत्रकं होती. त्याने ती तौकेच्या मांडीवर एकेक करून ठेवली.  शेवटी आपली दोन बोटं तौकेच्या डोळ्यांसमोर धरून उभा राहिला.

मग तौके वितळला. पोलिसात जाऊ नका, म्हणाला. वाटेल ते मागा.

चेगूंनी मागितलं. त्याच भाड्यात दहा वर्षांचा करार, नर्सची आणि शिंप्याची अनामत परत. कागद त्या घरूनच लिहून घेऊन आल्या होत्या. तौकेने माझ्या वस्तऱ्यांच्या पेटीवर सही केली. उठताना, का कुणास ठाऊक, माणुसकी आठवली त्याला.

“मांजराचं खरंच ठरवून नव्हतं, चेगू. ते चुकून झालं.”

“माहीत आहे,” चेगू म्हणाल्या. “चुकीचेही मार्क कापतात.”

तो गेला. आ-सो पातेलं घेऊन गेली. जॅकी मात्र दारात घुटमळत होता, शिक्षा झाल्यावर ऑफिसबाहेर मुलं घुटमळतात तसा. चेगू कराराची घडी घालत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं, की पोलिसात जाणार नाही असा शब्द मी दिलाय. बाकी कुणाबद्दल काही बोलणं झालेलं नाही. करारावर त्याच्या बंगल्याचा पत्ता आहे, वाच आणि पाठ कर.

जॅकीने पाठ केला.

“आणि गाठ पुरी मार,” त्या म्हणाल्या. “जिन्यावर थेंब दिसता कामा नये.”

६

पुढचं मी बघितलेलं आहे, त्यामुळे थोडं कमी करून सांगतो.

सहा आठवड्यांत तौकेच्या बंगल्यावर नऊ वेळा रंग पडला. त्याच्या गल्लीतल्या प्रत्येक फाटकावर त्याच्या फोटोचं पत्रक लागलं, खाली चालू नंबर. तो दारोदार जाऊन सांगत होता की मी कुणाचं एक पैशाचं देणं लागत नाही. शेजारी ऐकून घेत, आणि फाटक लावून घेत. नर्सने त्याला हेच वाक्य सांगितलं होतं, शिंप्यानेही. तेव्हा तो म्हणाला होता की सगळे असंच म्हणतात. आता त्यालाही तेच उत्तर मिळत होतं. पोलिसात त्याला जाता येईना, कारण पहिला प्रश्न लाल डब्याबद्दल आला असता. बायको पर्थला मुलाकडे निघून गेली. कुत्र्यालाही मोलकरीण घेऊन गेली.

बंगला विकायला काढला, पण लाल दाराला गिऱ्हाईक येईना. शेवटी एका दुपारी तो दोन पेट्या घेऊन आमच्याच इमारतीत आला आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या अडगळीच्या खोलीत राहू लागला. जॅकी आमच्या जिन्यावर रंग टाकत नाही, चेगू राहतात म्हणून. अख्ख्या इपोहमध्ये त्याच्यासाठी एवढीच एक सुरक्षित जागा उरली होती. चेगूंच्या डोक्यावर.

पहिल्याच सकाळी चेगूंनी आ-सोकडून एक लाल सरबत घेतलं, रबर काढून टाकलं, आणि गुलाबी दोरीने स्वतः बांधलं. त्यांनी आठवडाभर सराव केला होता. गाठ अगदी त्याच्यासारखी. कोपरा उघडा. मग चौथ्या मजल्यावर जाऊन ती पिशवी त्याच्या कडीला अडकवून आल्या. तेव्हापासून रोज अडकवतात. त्यात रोज सरबतच असतं, असं त्या म्हणतात. मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी पुन्हा विचारलं नाही.

तौके दाढीला येत नाही आता. चरित्रही कुणाला सांगत नाही. दाराच्या फटीला डोळा लावून तो आत बसलेला असतो. कोपऱ्यातून एकेक लाल थेंब उंबऱ्यावर पडतो, आणि तो मुंग्यांची वाट बघत राहतो.

मुंग्या आल्या की मगच दार उघडतो. ज्या दिवशी येत नाहीत, त्या दिवशी तो जेवत नाही.